रक्तस्रावाचे पहिले तीन तास

मोटारीच्या अपघातांत अंगाखालीं रक्ताचें थारोळें झालेला मनुष्य इस्पितळांत आला, म्हणजे गेलें तितकें रक्त भरून काढलें कीं तो वांचला, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. प्रौढ मनुष्याच्या देहांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. त्यांतील बराच भाग वाहून गेला म्हणजे उरलेलें रक्त गोठेनासें होतें, आणि मग बाहेरून कितीही रक्त घातलें तरी तें फुटक्या घागरींत ओतल्यासारखें होतें.

जखम होतांच रक्तांतील बिंबिका तेथें गोळा होतात व त्यांच्याभोंवतीं फायब्रिन नांवाच्या तंतूंचें जाळें विणलें जातें. जखम भरून आल्यावर हें जाळें विरघळविण्याची व्यवस्थाही निसर्गानेंच केली आहे. परंतु मोठ्या दुखापतींत ही व्यवस्था अकालींच चालूं होते. लंडन येथील १,०८८ जखमींची पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं जवळजवळ एक चतुर्थांश जखमींची रक्त गोठण्याची शक्ति इस्पितळांत पोंचतांनाच बिघडलेली होती, व त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण इतरांच्या चौपट होतें.

थंडीच्या दिवसांत विरजण लवकर लागत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. रक्ताचेंही कांहींसें तसेंच आहे. देह निवला कीं गोठण्याची क्रिया मंदावते. रक्ताभावीं पेशींना प्राणवायु कमी पडून आम्लता वाढते, तीही या क्रियेस मारक ठरते. निवणें, आम्लता वाढणें आणि रक्त न गोठणें, हीं तीन संकटें एकमेकांस बळ देतात. म्हणूनच अतिदक्षता विभागांत रोग्यास उबेंत ठेवतात व त्यास द्यावयाचें रक्तही कोमट करून देतात. नुसतें मिठाचें पाणी भरपूर दिल्यास रक्त पातळ होतें. यास्तव तांबड्या पेशी, रक्तद्रव व बिंबिका यांचा सारख्या प्रमाणांत पुरवठा करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. सांठविलेल्या रक्तांतील सायट्रेट देहांतील कॅल्शियम बांधून टाकतें, म्हणून तेंही वेगळें द्यावें लागतें.

जाळें अकालीं विरघळूं न देणारें औषध जपानांत सांपडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर साधनांची टंचाई असतांना शोसुके व उताको ओकामोतो या दांपत्यानें संशोधनासाठीं रक्ताचा विषय निवडला. दुसरें कांहीं मिळालें नाहीं, तरी स्वतःचें रक्त तर वापरतां येईल, असा त्यांचा विचार होता. त्यांनीं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचा शोध १९६२ सालीं प्रसिद्ध केला. तथापि जखमींना त्याचा उपयोग होतो कीं नाहीं, हें ठरण्यास पुढें जवळजवळ अर्धें शतक लागलें. २०१० सालीं 'क्रॅश-२' या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. भारतासह ४० देशांतील २७४ रुग्णालयांत वीस हजारांहून अधिक जखमींवर ती झाली होती. औषध न मिळालेल्यांपैकीं शेंकडा १६ दगावले, औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा १४.५. हा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु दर हजार जखमींमागें पंधरा माणसें घरीं परतलीं, असा त्याचा अर्थ आहे.

पुढील वर्षीं याच आंकड्यांतून आणखी एक गोष्ट उघड झाली. दुखापतीपासून तासाभराच्या आंत औषध दिल्यास रक्तस्रावानें मरणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ७.७ वरून ५.३ वर आलें. तीन तास उलटल्यावर दिल्यास मात्र तें ३.१ वरून ४.४ वर गेलें. तेंच औषध, तीच मात्रा. परंतु वेळ टळली कीं तारक तें मारक!

रक्तस्राव थांबला म्हणजेही डॉक्टरांची चिंता संपत नाहीं. कांहीं दिवसांत त्याच रोग्याच्या पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचें भय असतें, व मग रक्त गोठूं न देणारीं औषधें द्यावीं लागतात. काल जें साधावयाचें, तेंच आज टाळावयाचें, असें हें अवघड काम आहे.

तें काम डॉक्टरांचें खरें. परंतु त्याचा आरंभ रस्त्यावरच होतो. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी, आंत काय झालें हें पाहण्यासाठीं ती वरचेवर उचलूं नये. जखमीच्या अंगावर पांघरूण घालावें. गर्दी जमवून चर्चा करण्यांत क्षण दवडूं नये. आणि इस्पितळांत पोंचतांच, विचारण्याची वाट न पाहतां, अपघात नक्की किती वाजतां झाला हें डॉक्टरांस सांगावें. जखमीस तें स्वतः सांगतां येत नाहीं, आणि पुढचा उपचार पुष्कळदां त्या एका उत्तरावर अवलंबून असतो.