कढईतले तेल आणि डिझेल



आमच्या कळंब्यातील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, अब्बांच्या भज्यांच्या गाडीवरच्या जळक्या तेलाचे घरी डिझेल करता येईल का?"

करता येते. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते. परंतु खाद्यतेल दाट. म्हणून गाळून, पाण्याचा अंश घालवून, लिटरमागे सुमारे 200 मिलिलिटर मेथेनॉल व मोजका कॉस्टिक सोडा घालून ते कोमट ढवळतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते. वर राहते ते बायोडिझेल. तेल जितके जळके तितका सोडा अधिक. हे माप चुकले की हाती साबण येतो!

साबणाचे सोडा, मेथेनॉल हे विष आहे. पोटात गेले तर दृष्टी जाते, प्राणही जातो. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत मेथेनॉलयुक्त दारूने शंभरावर माणसे दगावली. शिवाय ते झटकन पेटते व त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. पालकहो, स्वयंपाकघरात हा प्रयोग होऊ देऊ नका.

मग तेलाचे काय? ओतले तर गटार तुंबते, विकले तर दुसऱ्याच्या कढईत शिरते. 2018 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे तेल बायोडिझेल कारखान्यांकडे वळवण्याची 'रुको' योजना काढली. पण एका गाडीच्या दोन-चार लिटरसाठी कोण येणार? तो मुलगा शेजारच्या चार गाडीवाल्यांना विचारून आला. दोघे डबा ठेवायला तयार आहेत.