नवेगांवच्या बांधावर

सुटी लागली कीं शहरांतील कुटुंबांस थंड हवेचीं ठिकाणें आठवतात. गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांवबांधचें नांव त्यांत क्वचितच निघतें. वास्तविक गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या आगगाडीनें देऊळगांवास उतरलें कीं तें जवळच आहे.

येथील विस्तीर्ण तलाव निसर्गदत्त नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें डोंगरांमध्यें बांध घालून पाणी अडविलें, असें परंपरा सांगते. भोंवतालच्या टेकड्यांस लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध झाला तो धानाच्या शेतीसाठीं. सहलीचें सुख हें त्याचें व्याज होय.

हिवाळ्यांत पहांटे बांधावरून पायीं फिरावें. धुकें विरूं लागलें कीं उत्तरेकडून आलेल्या बदकांचे थवे पाण्यावर दिसतात. १९७५ सालीं येथील सुमारें १३४ चौरस किलोमीटर प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरला. २०१३ पासून तो नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत मोडतो. म्हणून वनांत परवानगीनेंच जावें.

कित्येक मंडळी मोठमोठ्यानें गाणीं लावतात आणि पक्षी दिसत नाहींत म्हणून कुरकुरतात. परंतु थवा उगाच उडाला कीं त्याचें चरणें थांबतें आणि परतीच्या प्रवासाची शिदोरी सरते. तोही येथें पाहुणाच आहे. एका पाहुण्यानें दुसऱ्याच्या ताटांत हात घालूं नये.

कोलू पाटलानें पाणी अडविलें. येणाऱ्यानें निदान आपला आवाज आवरावा.