विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपले गाव

(कोन, ता. पनवेल येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठाच्या ग्रंथालयातील निरनिराळे विभाग काय काम करतात, हा आजचा विषय आहे. विद्यापीठ तिकडे मुंबईत आणि आपण इकडे कोनला. तेव्हा या विषयाशी आपला काय संबंध, अशी शंका कोणाच्या मनात आली असल्यास ती गैर नाही. परंतु मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहराबरोबर ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपर्यंत पसरलेले आहे. पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयात शिकणारा आपला मुलगा वा मुलगी याच विद्यापीठाची पदवी घेते. एवढ्याने संबंध सिद्ध होतो. पण माझ्या मते त्याहून जवळचे कारण आहे. आपल्या गावाचा, तालुक्याचा आणि येथे नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबांचा लिखित पुरावा अशा ग्रंथालयांतून ठेवलेला असतो, आणि तो हवा तेव्हा सापडेल की नाही हे तेथील विभागांच्या कामावर अवलंबून असते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. प्रारंभीची कित्येक वर्षे विद्यापीठाला स्वतःची ग्रंथालयाची इमारत नव्हती. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले, आणि पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष दिले. आईच्या नावावरून त्या मनोऱ्यास राजाबाई हे नाव मिळाले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी या वास्तूचा आराखडा इंग्लंडमध्ये बसूनच तयार केला. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. आज ही वास्तू २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या समूहात आहे. गंमत अशी, की घड्याळाचा मनोरा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे आणि त्याच्या पायथ्याशी असलेले ग्रंथालय फार थोड्यांना! पुढे कलिना येथील विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभे राहिले, आणि आज संशोधक व विद्यार्थी यांची वर्दळ मुख्यतः तेथे असते.

कोणत्याही विद्यापीठ ग्रंथालयात ग्रंथोपार्जन, वर्गीकरण व तालिका, देवघेव, नियतकालिके, संदर्भ, प्रबंध आणि जतन असे विभाग असतात. त्यांची नावे कोठे कोठे बदलतात. ग्रंथोपार्जन म्हणजे ग्रंथ मागविणे, देयके तपासणे आणि दाखलनोंदवहीत नोंद करणे. देवघेव विभाग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. या दोहोंविषयी अधिक बोलण्याची आवश्यकता नाही. वाचकाला कधीच न दिसणारा असा विभाग तालिकेचा होय, आणि तेथे थोडे थांबावे लागेल.

एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या शाळेतील एखाद्या शिक्षकांनी ठरविले, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या परिसराची स्थिती काय होती ते मुलांना सांगावे. जुनी गॅझेटिअरे आहेत हे त्यांना माहीत आहे. आपला जिल्हा रायगड. म्हणून ते रायगड जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर मागतात. ते नाही, असे उत्तर मिळते. हे उत्तर खरेच आहे, कारण रायगड हे जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये आले. तोपर्यंत जिल्हा कुलाबा होता. मग शिक्षक कुलाब्याचे गॅझेटिअर मागतात. १८८३ साली निघालेला कुलाबा व जंजिरा यांचा खंड त्यांच्या हाती येतो. त्यात अलिबाग आहे, महाड आहे, पेण आहे. पण पनवेल तालुक्याचे वर्णन नाही. आपल्या तालुक्याविषयी त्या काळात कोणी काही लिहिलेच नाही, असा समज करून घेऊन शिक्षक परत येतात.

वस्तुस्थिती निराळी आहे. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यातच राहिले होते. ते कुलाब्यात आले १८८३ मध्ये. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर त्याच्या एकच वर्ष आधी, १८८२ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. म्हणून पनवेलची शेती, बंदर, बाजारपेठ, लोकवस्ती या सर्वांचे वर्णन ठाण्याच्या खंडांत आहे. कुलाबा जिल्ह्याचे सुधारित गॅझेटिअर शासनाने १९६४ मध्ये काढले, त्यात पनवेल आहे. पण तेथेही मुखपृष्ठावर नाव कुलाब्याचेच. म्हणजे जागेवरून न हललेल्या या गावाचे कागद ठाणे, कुलाबा आणि रायगड अशा तीन नावांखाली विखुरलेले आहेत.

तालिकाकाराचे काम येथे सुरू होते. रायगड या शीर्षकाखाली ‘कुलाबा हेही पहा’ आणि पनवेल या शीर्षकाखाली ‘१८८३ पूर्वीसाठी ठाणे पहा’ अशा नोंदी त्याने केल्या, तर शिक्षकांची फेरी वाया जात नाही. पूर्वी त्या पत्रांवर लिहिल्या जात, आता संगणकात भरल्या जातात. एका ओळीची ही नोंद करावयास तालुक्याचा प्रशासकीय इतिहास माहीत असावा लागतो, आणि ते ज्ञान अनेकदा ग्रंथपालापेक्षा स्थानिक शिक्षकाला किंवा महसूल खात्यातील जुन्या कर्मचाऱ्याला अधिक असते. कोकणातील गावांची अशी नोंद करताना ग्रंथालयांनी त्यांना विचारले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

गावाच्या नावाची अडचण तर आणखीच मजेची आहे. कोन नावाचे दुसरे गाव ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात आहे. शिवाय संगणकावर ‘कोन’ एवढाच शब्द टाकला, तर भूमितीची पाठ्यपुस्तके समोर येणार हे ठरलेले! यासाठी गावाच्या नावापुढे तालुका लिहिण्याची शिस्त तालिकेत पाळावी लागते, आणि हीच शिस्त पंचायतीच्या कागदपत्रांतही पाळली गेल्यास पन्नास वर्षांनी कोणाची तरी सोय होईल. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदांत पनवेलच्या शेवटी कधी एक ‘एल’ आढळतो, कधी दोन. हेही शोधणाऱ्याने लक्षात ठेवावे.

संगणक आल्यामुळे हा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. जुनी गॅझेटिअरे आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात ही मोठीच सोय होय. पण पुस्तकाची पाने केवळ छायाचित्राप्रमाणे टिपून ठेवली असतील, तर त्यातील शब्द यंत्राला शोधता येत नाही. मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या टंकांत तयार झालेले कागद आज उघडले, तर पुष्कळदा अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. ग्रामपंचायतींच्या संगणकांत असे जुने ठराव व अहवाल असण्याचा संभव आहे. ते वाचता येत आहेत तोवर छापून ठेवावेत.

आता प्रबंध विभागाकडे येऊ. पीएच.डी.साठी सादर झालेल्या प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाते. पूर्वी ती तेथेच राही. पाहावयाची तर मुंबईस जाऊन, परवानगी काढून, तेथेच बसून वाचावी लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधांच्या संगणकीय प्रतींसंबंधी नियम केले आणि २०१६ च्या नियमांनी ती व्यवस्था अधिक पक्की केली. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध लाखोंच्या संख्येने आले असून ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. मच्छीमारी, मिठागरे, स्थलांतर, भूसंपादन हे तुमचे रोजचे विषय आहेत आणि तेच संशोधकांचेही विषय आहेत. संशोधक गावात येतो, प्रश्नावली भरून घेतो आणि निघून जातो. त्याने पुढे काय लिहिले, हे विचारण्याचा मार्ग आता गावाला खुला झाला आहे. पंचायतीने तो वापरावा आणि लिहिलेले चुकीचे असल्यास तसे विद्यापीठाला कळवावे.

नियतकालिके आणि जतन या दोन विभागांचे काम मी एकत्रच सांगणार आहे, कारण कोनच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये अडकलेला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील त्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून उरण-पनवेल भागातील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले आणि जासई परिसरात गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. या दोन घटना एकमेकींपासून दूर वाटतात. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी कोन येथील २,४१७ घरांची सोडत निघाली, आणि त्या कुटुंबांचा या गावाशी संबंध जडला. या तालुक्याने जमिनीच्या लढ्याचे दिवस जवळून पाहिले, आणि ज्यांच्या घरात संपाच्या आठवणी आहेत तेही आता याच गावात शेजारी म्हणून येत आहेत.

या दोन्ही लढ्यांचा पुरावा कशावर छापलेला आहे? वृत्तपत्राच्या कागदावर. हा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो, त्यात आम्ल असते, आणि तो पिवळा पडून ठिसूळ होत जातो. त्यात कोकणातील दमट हवेची भर. बुरशी, कसर आणि वाळवी यांना पावसाळ्याचे चार महिने पुरेसे असतात. चाळीस वर्षांपूर्वीचा अंक आज उलगडला तर घडीवर तुटतो. ग्रंथालयांतून अशा अंकांची सूक्ष्मपटले किंवा संगणकीय प्रती करण्याचे काम चालते. पण ते खर्चाचे असून सर्व वृत्तपत्रांच्या वाट्याला येत नाही.

वृत्तपत्रांना निदान कायद्याचा आधार आहे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यान्वये प्रकाशित ग्रंथ आणि पुढे वृत्तपत्रेही ठराविक ग्रंथालयांकडे पाठविणे बंधनकारक झाले. मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. परंतु संपकाळात वाटलेले पत्रक, चाळीतील सभेची सूचना, शेतकऱ्यांच्या मोर्चाचा हस्तलिखित फलक, गिरणीचे हजेरी तिकीट यांची नोंद कोणत्याही ग्रंथालयात आपोआप होत नाही. ते कोणाच्या तरी ट्रंकेत असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. मुंबईतून कोनला घर बदलताना किती कागद असे गेले असतील, याचा विचार करून मन अस्वस्थ होते. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील लोकांच्या आठवणी नोंदवून २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, हे फार मोठे काम झाले. परंतु सर्वांच्या आठवणी एका ग्रंथात मावत नाहीत.

संस्थानी काळात सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १९१० नंतर ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली, तिच्यात पुस्तकांच्या पेट्या खेड्यांतून फिरत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. या सर्व व्यवस्थेत ग्रंथांचा प्रवास शहराकडून गावाकडे होतो. उलट दिशेच्या प्रवासाची सोय मात्र आपण फारशी केली नाही. गावातील कागद विद्यापीठापर्यंत जावा, तेथे त्याचे जतन व्हावे, आणि त्याची नोंद व प्रत गावाकडे परत यावी, याकरिता पंचायत, शाळा आणि जवळचे महाविद्यालय यांनी मिळून काम करावे लागेल.

हे कसे करावयाचे, ते थोडक्यात सांगतो. माहिती हवी असल्यास पनवेलमधील महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना गाठावे. आंतरग्रंथालयीन देवघेवीच्या पद्धतीने ते इतर ग्रंथालयांकडे विचारणा करू शकतात. विद्यापीठाच्या संदर्भ विभागाला थेट लिहावयाचे असल्यास पत्र ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी जावे. त्यात गाव, तालुका, जिल्ह्याची आजची व पूर्वीची नावे आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची माहिती हवी, हे स्पष्ट लिहावे. ‘आमच्या गावाची सर्व माहिती पाठवावी’ अशा पत्राला उपयुक्त उत्तर कोणीही देऊ शकत नाही. १९५१ पासूनच्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गाववार तक्ते असतात. पहिली विचारणा त्यांच्याविषयी करावी, म्हणजे काम लवकर होते.

घरोघरचे कागद गोळा करण्याचे काम शाळेने हाती घ्यावे. मूळ कागद देण्याचा आग्रह कोणालाही करू नये. छायाचित्र काढून तो ज्याचा त्याला त्याच दिवशी परत करावा. कोणाचा कागद, कोणत्या साली, कोठे वाटला गेला, हे वहीत लिहावे आणि प्रत ग्रंथालयाला देण्यास मालकाची संमती आहे की नाही, तेही लिहावे. फाटलेल्या पत्रकाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कागद खातो. प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. मूळ कागदावरच काही नोंद करणे भाग पडले, तर ती मागील कोऱ्या बाजूस मऊ पेन्सिलीने करावी. शाईने करू नये.

आपले काही प्रश्न असतील तर ते आता घेऊ.