पहारेकऱ्याकडे किल्ल्या किती?

दूरवरच्या सर्व्हरची प्रकृती मुख्यालयात बसून कळावी, यासाठी त्या सर्व्हरवर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवितात. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, लॉगमध्ये कोणती चूक नोंदली गेली, हे तो ठराविक वेळाने मुख्य सर्व्हरला कळवितो. लॅटव्हियाचे अलेक्सेई व्लादिशेव यांनी रचलेली आणि २००१ साली सर्वांस खुली झालेली ‘झॅबिक्स’ ही अशीच एक प्रणाली. तिच्या आधारे परवानगीच्या प्रश्नाचा विचार करू.

लिनक्सवर हा एजंट सामान्यतः ‘झॅबिक्स’ याच नावाच्या, मुद्दाम अल्पाधिकारी ठेवलेल्या वापरकर्त्याच्या नावे चालतो. त्यामुळे डिस्कचा आकडा येतो. परंतु एखाद्या सेवेचा लॉग वाचताना ‘परवानगी नाकारली’ असा शेरा मिळतो. नोंदच न आल्याने तिच्यावर अवलंबून असलेला इशाराही मिळत नाही. दाखल्यांची सेवा बंद पडावी आणि ते सर्वांआधी कळावे खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाला, असा हा प्रकार होय.

अशा वेळी घाईने दोन उपाय केले जातात. एक, फाइलला ७७७ ही परवानगी देणे. म्हणजे मालक, गट आणि इतर सर्व यांना वाचण्याची, लिहिण्याची व चालविण्याची मुभा. मग तो लॉग कोणीही खोडावा! दुसरा, एजंटलाच ‘रूट’ करणे. एजंट ज्याच्या ताब्यात जाईल, त्याच्या हाती मग संपूर्ण यंत्र जाते. रूटच्या नावे चालण्यास निर्मात्यांनी मुळातच मज्जाव ठेवला आहे, तो उगाच नव्हे.

खरा शोध वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. प्रशासक रूट म्हणून फाइल उघडतो, ती उघडते आणि तो बुचकळ्यात पडतो. या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही. ‘सुडो’च्या साहाय्याने झॅबिक्स वापरकर्त्याच्या नावे तीच फाइल वाचून पाहावी. नकार मिळाला, तर फाइलपाशीच थांबू नये. वाटेवरील प्रत्येक डिरेक्टरीतून पुढे जाण्याचीही परवानगी लागते. वाड्याचा दिंडी दरवाजाच बंद असेल, तर आतली खोली उघडी असून काय उपयोग? ‘नेमआय’ ही आज्ञा या साऱ्या पायऱ्यांची परवानगी एकाखाली एक दाखविते.

अडसर सापडला की तेवढाच दूर करावा. डेबियन व उबुंटू यांवर बरेचसे लॉग ‘एडीएम’ गटाला वाचता येतात. तेथे झॅबिक्सला त्या गटात घेतले की बहुधा काम भागते. मात्र आधीपासून चालू असलेल्या एजंटला नवे सदस्यत्व लागू होत नाही. तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. एवढी गोष्ट राहून गेल्याने योग्य उपायही फसला असे वाटते. रेड हॅटसारख्या प्रणालीवर परवानगी बिनचूक असूनही ‘एसई लिनक्स’ हा दुसरा पहारा अडवू शकतो; तो बंद न करता त्याची ऑडिटमधील नोंद वाचावी.

आज सुरळीत असलेले काम उद्या पुन्हा अडले, तर संशय लॉग बदलण्याच्या व्यवस्थेवर घ्यावा. जुना लॉग बाजूला ठेवून नवी फाइल तयार होते, ती कधी जुन्याच कडक परवानगीने. यासाठी ‘लॉगरोटेट’च्या मांडणीतच नव्या फाइलचा मालक, गट आणि ०६४० ही परवानगी लिहून ठेवावी.