पान संपलं पाहिजे
मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून पडद्यामागची एक गोष्ट सांगतो. पूर्वी वेबसाइटवरचं पान संपायचं, 'पुढील पान' दाबावं लागायचं. तेवढ्यात मन विचारायचं, अजून वाचू की उठू? २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने आपोआप लांबत जाणारं पान तयार केलं. पुढे त्यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली. सोय झाली, पण थांबायची जागा गेली. वाचलेलं खरं का, हे ठरवायला उसंत लागते. ती नसेल तर अफवा तपासण्याआधीच पुढे जाते आणि मोहल्ल्याची शांतता बिघडते. पुस्तकातलं प्रकरण आजही संपतं. रोज एक वाचा, काय समजलं ते दोन ओळींत लिहा. तोवर फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या.