कांद्याची पट्टी आणि कांद्याची बातमी



बाजाराच्या दिवशीं सभा ठेवली हें बरें झालें. ज्यांनीं आज कांदा विकला ते येथें बसले आहेत, आणि ज्यांनीं तो विकत घेऊन पिशवींत टाकला तेही त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले आहेत. कुणबी आहेत, माळी आहेत, कोष्टी, सुतार, लोहार, कुंभार, सारे आहेत. मोक्षावर व्याख्यान ऐकावयास कोणी आलें असेल तर त्यानें खुशाल उठून जावें. आम्ही कांद्यावर बोलणार आहों.

वर्तमानपत्र उघडावें, तर दोनतीन वर्षांआड एक मथळा ठरलेला असतो: कांद्यानें रडविलें! खालीं चित्रांत एक बाई रिकामी पिशवी धरून उभी. त्या बाईवर आमचा राग नाहीं. आमचा प्रश्न छापणारांस आहे. किलोचा भाव साठ रुपयांवर गेला म्हणजे ज्यांना रडें सुचतें, त्यांच्या डोळ्यांत तोच भाव एक रुपयावर आला म्हणजे कांहींच कसें जात नाहीं? भाव चढला कीं ‘भडका’, भाव उतरला कीं ‘दिलासा’. दिलासा कोणाला? ज्यानें चार महिने रात्रींची वीज बघून पाणी धरलें त्याला, कीं ज्यानें तो फोडणींत टाकला त्याला? एका शब्दांत निवाडा होऊन गेला आणि शेतकऱ्याची साक्षही कोणी काढली नाहीं.

एकदां मात्र त्याचीही बातमी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्यें सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें दहा गोण्या कांदा सोलापूरच्या बाजारांत नेला. वजन भरलें ५१२ किलो. भाव मिळाला किलोस एक रुपया, म्हणजे ५१२ रुपये झाले. त्यांतून गाडीभाडें, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले. राहिले २ रुपये ४९ पैसे. चेक हातीं पडला दोन रुपयांचा, आणि तोही पुढची तारीख घातलेला! साऱ्या देशानें ती पट्टी पाहिली, हळहळ केली आणि आठ दिवसांत विसरूनही गेला.

आम्ही ती विसरावयास तयार नाहीं. हळहळण्यासाठीं नव्हे, वाचण्यासाठीं ती पट्टी जपून ठेवावी. तिच्यांत काय आहे? हमाली गोणीवर असते, तोलाई वजनावर असते, भाडें गाडीवर असतें. भाव पंचवीस असो कीं एक असो, गोणी तेवढीच जड. म्हणजे भाव चढतो तेव्हां हा खर्च कोणाच्या नजरेंत येत नाहीं, आणि भाव पडतो तेव्हां तोच खर्च सारा माल खाऊन टाकतो. तोटा पडला तर तो वाटून घ्यावयास कोणी पुढें येत नाहीं, तो एकट्या पिकविणाराच्या पदरीं. यांत हमालाला शिव्या देणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. ही गोष्ट चुकीची आहे. हमालही आपल्यांतलाच, कोणाचा तरी कोरडवाहूंतून उठून गेलेला भाऊ. पाठीवर ओझें वाहून तो जें मागतो तें त्याच्या घामाचें आहे. त्याच्यासाठीं १९६९ सालीं माथाडी कायदा झाला, तो लढून झाला. शेतकऱ्यासाठीं त्याच्या घामाचा असा दर कोणत्या पट्टीवर लिहिलेला असतो, तें दाखवा!

आडतीचेंच पाहा. २०१६ सालीं राज्य सरकारनें ठरविलें कीं फळें, भाजीपाला, कांदा यांवरची आडत शेतकऱ्याच्या रकमेंतून कापूं नये, ती खरेदी करणारानें द्यावी. निर्णय चांगला. पण कागदावरचा निर्णय आपल्या पट्टींत उतरला कीं नाहीं, हें पाहणार कोण? आपण तर पट्टी घडी करून टोपींत खोंवतों आणि शेवटचा आंकडा तेवढा विचारतों.

आतां सरकारच्या कारभाराकडे वळूं. कांद्याची भीति सरकारला फार आहे, आणि तिला कारणही आहे. १९९८ सालीं कांदा महागला असतां दिल्लीची निवडणूक आली आणि तेथील राज्य सरकार पडलें. तेव्हांपासून सत्तेवर कोणीही बसो, कांदा चढूं लागला कीं त्याचा हात पहिल्यानें निर्यातीच्या दाराकडे जातो. सप्टेंबर २०१९ मध्यें निर्यातबंदी झाली. सप्टेंबर २०२० मध्यें पुन्हां झाली. २०२३ सालीं तर दार एकदम न लावतां हळूहळू ओढून घेतलें: ऑगस्टमध्यें निर्यातीवर शेंकडा ४० कर, ऑक्टोबरच्या अखेरीस टनास ८०० डॉलरच्या खालीं माल बाहेर पाठवूं नये असा हुकूम, आणि डिसेंबरमध्यें साफ बंदी. ती उठली ४ मे २०२४ रोजीं, तीही ४० टक्के कर ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्यें तो कर २० टक्क्यांवर आला आणि १ एप्रिल २०२५ पासून गेला. मध्यंतरीं ऑगस्ट व सप्टेंबर २०२३ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील बाजारांत लिलाव बंद पडले होते. व्यापाऱ्याचें व सरकारचें भांडण, आणि माल सडतो कुणब्याचा.

याची झळ कोणाला कशी लागते, हें शहरांतल्या लेखकांस ठाऊक नसतें म्हणून सांगतों. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्यें निघतो आणि चाळींत भरतात. तो पावसाळाभर पुरवून पुरवून विकावयाचा असतो. चाळींत वजन घटतें, कांहीं सडतो, कांहींला कोंब फुटतात. ही घट सोसून जो थांबला, त्याला भाद्रपद-अश्विनांत चार पैसे दिसावेत एवढीच आशा. कर आणि बंदी येते ती नेमकी याच सुमारास, किंवा लाल कांदा बाजारांत उतरतो तेव्हां. लाल कांदा तर टिकतच नाहीं. काढला कीं विकावाच लागतो. म्हणजे ज्याला थांबतां येतें त्याच्या थांबण्याचा मोबदला जातो, आणि ज्याला थांबतां येत नाहीं त्याचा भाव जातो. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबई येथील गिऱ्हाइकें आपल्या दाराला कुलूप पाहून दुसऱ्या दुकानीं जातात; कुलूप काढल्यावर तीं सारींच धांवत परत येत नाहींत.

येथें एखादा कोष्टी बंधु म्हणेल, ‘तुमचें सारें खरें, पण आम्हीं रोजावर जगतों. कांदा महागला तर आम्ही काय खावें?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उडवून लावणारा शेतकऱ्यांचा पुढारी आम्हांस पसंत नाहीं. तेव्हां हिशेबच करूं. पांच माणसांच्या घरांत आठवड्याला दोन किलो कांदा लागतो असें धरा. किलो वीसचा साठ झाला, तर आठवड्याला ८० रुपये जास्त. महागाई चार महिने टिकली तर सुमारें साडेतेराशें. गरिबाच्या घरांत ही रक्कम टोंचते, यांत संशय नाहीं. आतां चाळींत शंभर क्विंटल ठेवणारा घ्या. किलोमागें दहा रुपये उतरले कीं त्याचे एक लाख गेले. त्यांत मुलीचें कॉलेज आहे, सोसायटीचा हप्ता आहे, औषधाचें बिल आहे. कोष्ट्याचे साडेतेराशें वाचावेत यासाठीं रोजगार वाढवितां येतो, रेशनच्या दुकानांतून कांदा देतां येतो, सरकारनें आपल्या तिजोरींतून भर घालतां येते. पण सरकार तें सोडून शेतकऱ्याच्या खिशांत हात घालतें आणि कोष्ट्याला म्हणतें, पाहा, तुला स्वस्त दिलें! पिकविणारा आणि विणणारा या दोघांत भांडण लावून देण्याची ही युक्ति आहे. शेतकऱ्याला एक रुपया मिळाला त्या महिन्यांत, कोष्टीबंधु, तुम्हांस तरी दुकानांत एक रुपयानें कांदा मिळाला काय?

आमच्या माणसांनाही दोन शब्द कडू सांगावयाचे आहेत. गेल्या सालीं शेजाऱ्याला भाव मिळाला म्हणून यंदां बांधापासून बांधापर्यंत कांदा लावावयाचा, साऱ्या तालुक्यानें तेंच करावयाचें, आणि भाव पडला कीं नशिबाला हात लावावयाचा, हें आतां पुरे. कांदा जमिनींत असतांनाच त्याच्या भरंवशावर लग्नाचा मांडव मोठा घालूं नये. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर माल न्यावा लागतो, मग भाव कोण ठरवितो हें विचारण्यांत अर्थ उरत नाहीं.

आणखी एक. रोप लावतात बाया, वांकून वांकून कंबर मोडते ती त्यांची. चाळींत बसून सडका कांदा निवडतात त्याही बायाच. पण पट्टी निघते पुरुषाच्या नांवानें, आणि सातबाऱ्यावर बाईचें नांव बहुधा नवरा गेल्यावर चढतें. २०२३ सालीं भाव पडला तेव्हां राज्यानें क्विंटलला ३५० रुपये, जास्तींत जास्त दोनशें क्विंटलपर्यंत, मदत जाहीर केली. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, अशी अट निघाली. मोबाइलवर ई-पीक पाहणी ज्यांनीं केली नव्हती ते चकरा मारीत बसले. ही नोंद घरांतली शिकलेली मुलगी अर्ध्या तासांत करूं शकते. तिला बांधावर नेतों का आपण? नेतों तें खुरपावयास.

म्हणून आमचें मागणें लहान आहे. घरांत एक पत्र्याचा डबा ठेवा. प्रत्येक पट्टी त्यांत टाका, पाठीमागें त्या दिवसाचें डिझेल आणि चाळींतली घट लिहा. रात्रीं जेवणें झाल्यावर मुलीला ती मोठ्यानें वाचावयास सांगा, आई ऐकेल अशी. कोणत्या नांवाखालीं काय कापलें तें तिला विचारूं द्या. उत्तर देतां आलें नाहीं तर दुसऱ्या दिवशीं बाजार समितींत जाऊन विचारा. कोष्टी बंधूंनींही त्याच महिन्यांत दुकानांत काय भाव दिला तें लिहून ठेवावें. दोन्ही कागद शेजारीं ठेवले म्हणजे मधला पैसा कोठें थांबला तें समजेल, आणि मग वर्तमानपत्राला पत्र लिहावयास आपल्याजवळ नुसता आरडाओरडा नसेल, आंकडे असतील.

पुढच्या बाजारीं ज्याच्याजवळ जेवढ्या पट्ट्या असतील तेवढ्या बरोबर आणाव्या. येथेंच सतरंजीवर पसरून वाचूं. चष्मा ज्याचा त्यानें आणावा.