ॲनिमेशनपटाची मूळ प्रत

ॲनिमेशनपटाचें काम पात्रें रेखाटून आणि त्यांस चालतीं-बोलतीं करून संपत नाहीं. संगणकांत तयार झालेला खेळ कोणत्या रूपानें बाहेर काढावयाचा, हा प्रश्न अखेरीस उरतोच. या क्रियेस ‘एक्स्पोर्ट’ म्हणतात. महिनोन् महिने खपणारा चित्रकार या पायरीवर मात्र घाई करतो, आणि केलेले श्रम वाया जाण्याची भीति येथेंच अधिक असते.

एक साधा हिशेब पाहावा. सेकंदाला २४ चित्रें, म्हणजे मिनिटाला १४४०. ‘ब्लेंडर’ या सॉफ्टवेअरमध्यें एका चित्रास दोन मिनिटें लागलीं, तर मिनिटभराच्या खेळास ४८ तास लागतील. समजा, ४७ तास झाल्यावर वीज गेली. चित्रकारानें सरळ ‘एमपी-४’ फाईल मागितली असेल, तर तिची अनुक्रमणिका सामान्यतः शेवटीं लिहिली जात असल्यामुळें अर्धवट फाईल बहुधा उघडतच नाहीं. उलट ‘पीएनजी’ प्रकारानें प्रत्येक चित्र सुटें सांठविलें असेल, तर सुमारें १४१० चित्रें शाबूत राहतात व तीसएक काढावयाचीं उरतात. ‘ओव्हरराइट’ची खूण आधींच काढून ठेवावी, म्हणजे ब्लेंडर झालेलीं चित्रें गाळून पुढें जातो. वीज जातांना अपुरें राहिलेलें चित्र असेल, तर तेवढें पुसून टाकावें.

चित्राचा प्रकारही विचारपूर्वक निवडावा. ‘जेपीईजी’ जागा वांचवितें. परंतु तें कांहीं तपशील टाकून देतें आणि पारदर्शकता ठेवीत नाहीं. ‘पीएनजी’ कांहींच टाकीत नाहीं. पार्श्वभूमि पारदर्शक ठेवून ‘आरजीबीए’ निवडल्यास पारदर्शकताही टिकते. आठ बिटांत प्रत्येक मूलरंगाच्या २५६ छटा मावतात, तर सोळा बिटांत ६५,५३६. सायंकाळच्या आकाशावर पट्टे उमटूं लागले, म्हणजे हा भेद डोळ्यांस दिसतो. प्रकाश व रंग मागाहून फार बदलावयाचे असल्यास ‘ओपन ईएक्सआर’ हा प्रकार उत्तम. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेनें तो चित्रपटाच्या कामासाठीं घडविला व २००३ सालीं सर्वांस खुला केला.

गतीचेंही तसेंच. भारतांतील दूरचित्रवाणीची रूढ गति सेकंदाला २५ चित्रांची आहे. २४ च्या हिशेबानें काढलेलीं १४४० चित्रें २५ च्या गतीनें सोडलीं, तर तीं ५७.६ सेकंदांत संपतात. आवाज मात्र ६० सेकंद चालतो, आणि ओंठ व शब्द यांची फारकत होते. सबब गति कामाच्या आरंभींच ठरवावी.

मूळ प्रत अशी सिद्ध झाली, म्हणजे तिजवरून ‘एच.२६४’ पद्धतीची आटोपशीर ‘एमपी-४’ फाईल प्रेक्षकांसाठीं खुशाल काढावी. मोठ्या प्रतीवरून लहान प्रत केव्हांही निघते. लहान प्रतींतून गळालेला तपशील मात्र पुन्हां मिळत नाहीं. शहाणा शेतकरी धान्य विकतांना बियाणें बाजूस काढून ठेवतो. चित्रकारानेंही तेंच धोरण ठेवावें.